पेट्रोल, गॅस आणि युनिटं: घरचा कार्बन हिशेब कसा मांडायचा आणि कपात कुठून सुरू करायची

वापरात नसलेला मोबाइलचा चार्जर प्लगमधून काढून ठेवण्याची सवय अनेक घरांत असते. असा रिकामा चार्जर साधारण ०.१ वॉट वीज घेतो. वर्षभर लावलेला राहिला तरी एक युनिट पुरतं होत नाही. दोन किलोवॉटचा गीझर तेवढी वीज अर्ध्या तासात संपवतो, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

चूक इथेच होते. जे डोळ्यांना दिसतं त्यापासून कपात सुरू होते आणि मोजमाप कुणी करत नाही. दुसरी चूक क्रमाची आहे. विजेवरची गाडी किंवा छतावरची सौर पॅनेलं आधी येतात आणि मुळात वापर किती होता हे नंतरही कळत नाही. पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. पहिले दोन कंटाळवाणे वाटतील, पण ते गाळले तर बाकीचे अंदाजपंचे होतात.

## टप्पा १: चार आठवड्यांची वही

महिना न धरता नेमके २८ दिवस धरा. त्यात प्रत्येक वार चार वेळा येतो, त्यामुळे सुट्ट्या आणि कामाचे दिवस यांचं प्रमाण बिघडत नाही. लांबच्या सहलीचा किंवा घरात पाहुणे असण्याचा काळ निवडू नका.

वीज. पहिल्या दिवशी आणि २९व्या दिवशी, त्याच वेळेला मीटरचं रीडिंग लिहा. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर व्होल्टेज, कमाल मागणी, तारीख असे आकडे आळीपाळीने येतात. ज्याच्यापुढे किलोवॉट-अवर लिहिलेलं असतं तोच आकडा घ्यायचा. एक किलोवॉट-अवर म्हणजे एक युनिट.

गॅस. सिलिंडर लावल्याची आणि संपल्याची तारीख लिहा. त्यातल्या गॅसच्या निव्वळ वजनाला दिवसांनी भागा आणि २८ने गुणा. रिकाम्या सिलिंडरचं वजन यात मिसळू नका. पाइपचा गॅस असेल तर मीटरवरचे घनमीटर घ्या.

वाहन. गाडीच्या पडद्यावरचं ॲव्हरेज हा अंदाज असतो, खरा आकडा टाकी देते. पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. किमान ३०० किलोमीटर चालवा. मग त्याच पंपावर, त्याच पद्धतीने पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी गेलेले लिटर हा तुमचा वापर. चाललेल्या किलोमीटरना त्याने भागलं की ॲव्हरेज मिळतं. असे तीन वेळा आकडे घेऊन सरासरी काढा. दुचाकी दोन्ही वेळा मुख्य स्टँडवर सरळ उभी असू द्या. एकदा साइड स्टँडवर आणि एकदा सरळ भरली तर छोट्या टाकीत तेवढ्यानेही आकडा फसतो.

> इशारा: नोझल बंद पडल्यावर गळ्यापर्यंत इंधन कोंबू नका. इंधन तापून फुगतं, आणि कारमध्ये ते वाफ शोषणाऱ्या डब्यात शिरलं तर तो निकामी होतो.

बस, रेल्वे. फक्त किलोमीटर लिहा.

## टप्पा २: सगळं एकाच मापात आणा

लिटर, किलो आणि युनिटं यांची आपसांत तुलना होत नाही. प्रत्येकाला कार्बन डायऑक्साइडच्या किलोंमध्ये बदला:

- पेट्रोल, १ लिटर: सुमारे २.३ किलो
- डिझेल, १ लिटर: सुमारे २.७ किलो
- एलपीजी, १ किलो: सुमारे ३ किलो
- नैसर्गिक वायू, १ घनमीटर: सुमारे २ किलो
- वीज, १ युनिट: ती कशापासून बनते त्यावर अवलंबून

पाऊण किलोच्या आसपास वजनाच्या एक लिटर पेट्रोलमधून सव्वादोन किलोंहून जास्त वायू निघतो, यावर सहसा कुणाचा विश्वास बसत नाही. गणित सरळ आहे. इंधनातला कार्बनचा प्रत्येक अणू हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू सोबत घेतो, त्यामुळे १२ भार कार्बनचा ४४ भार वायू होतो. जास्तीचं वजन हवेतून आलेलं असतं.

विजेच्या आकड्यात सर्वांत जास्त गडबड होते. निव्वळ कोळशावरची वीज युनिटमागे साधारण ०.९ ते १ किलो देते आणि नैसर्गिक वायूवरची ०.४ ते ०.५ किलो. जलविद्युत, अणुवीज, पवन आणि सौर यांचा आकडा साधारण दहा ते पन्नास ग्रॅमांत असतो. तुमच्या वीजजाळ्यात हे सगळं मिसळलेलं असतं, म्हणून जाळ्याचा एकत्रित गुणांक, म्हणजे एका युनिटमागे सरासरी किती किलो कार्बन डायऑक्साइड निघतो तो आकडा, शोधा. तो बहुधा वीज प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करतं. या लेखातल्या उदाहरणांत कोळशावर बराच भार असलेल्या जाळ्यासाठी ०.७ धरला आहे. तुमचा वेगळा असेल तर आकडे बदलून घ्या, काही ठिकाणी निष्कर्षही बदलतील.

एक उदाहरण घेऊ. २८ दिवसांत ३६ लिटर पेट्रोल, १२ किलो एलपीजी आणि २१० युनिटं वापरली. पेट्रोलचे ८३ किलो, गॅसचे ३६ आणि विजेचे १४७, मिळून २६६ किलो. या घराने वीज आधी धरायची, मग पेट्रोल. गॅसला सध्या हात लावायची गरज नाही.

> तपासणी: विजेवरची गाडी घरी चार्ज होत असेल तर तिची युनिटं घराच्या मीटरमध्ये आधीच आली आहेत. प्रवासाच्या रकान्यात ती घेतली तर वीजेतून वजा करा.

## टप्पा ३: प्रवास फेऱ्यांमध्ये फोडा

महिन्याचं पेट्रोल ३६ लिटर आहे, एवढ्या माहितीवर काही करता येत नाही. ते कोणत्या फेरीत गेलं हे कळायला हवं. प्रत्येक फेरीपुढे अंतर, गाडीतली माणसं आणि महिन्यातली संख्या लिहा.

रिकामी परतफेरी हमखास सुटते. मुलाला सहा किलोमीटरवरच्या शाळेत सोडून आणायचं तर मूल दिवसाला १२ किलोमीटर फिरतं आणि गाडी २४. गाडीत दोघं होती म्हणून दोनाने भागणं इथे चूक आहे. ती संपूर्ण २४ किलोमीटर एका मुलाच्या प्रवासाची आहेत.

माणशी किलोमीटरला काय पडतं ते पाहा. १५ च्या ॲव्हरेजची पेट्रोल कार एकट्याने चालवली तर सुमारे १५३ ग्रॅम, चौघं असतील तर ३८. ४५ च्या ॲव्हरेजची दुचाकी एकट्याला ५१ ग्रॅम, दोघांना प्रत्येकी २६. लिटरला चार किलोमीटर जाणारी डिझेल बस ३० प्रवाशांसह माणशी २२ ग्रॅमवर येते. त्याच बसमध्ये पाचच जण असतील तर १३० च्या पुढे. म्हणून बस नेहमीच हिरवी असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. तरीही वेळापत्रकावरची बस तुम्ही चढा किंवा न चढा, धावणारच असते. तुम्ही कार घरी ठेवून तिच्यात बसलात तर कारचं पूर्ण पेट्रोल वाचतं आणि बसचं डिझेल जेमतेम वाढतं. रोजचा निर्णय घेताना हा हिशेब महत्त्वाचा.

## टप्पा ४: फेऱ्या कमी करा, चालवणं त्यानंतर सुधारा

१. टाळता येणारी फेरी टाळा. वेगवेगळ्या दिवशीची तीन कामं एका फेरीत, सर्वांत लांबच्या ठिकाणापासून सुरू करून उरका. त्याने इंजिन आधीच तापतं आणि पुढचे छोटे तुकडे गरम इंजिनावर होतात.

२. दोन-तीन किलोमीटरच्या आतलं अंतर पायी किंवा सायकलने. यातून कार्बनची बचत लहान असते, हे खरं. इथे मुद्दा धुराचा आहे. थंड इंजिनात इंधन जास्त जातं, आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा विषारी वायू निवळणारा कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पोहोचेपर्यंत काम करत नाही. छोट्या फेरीत तो तापण्याआधीच तुम्ही पोहोचलेले असता. म्हणजे किलोमीटरमागे सर्वांत घाण धूर याच फेऱ्या सोडतात, आणि तोही वस्तीच्या आत.

३. रोजची लांब फेरी वाटून घ्या किंवा बस-रेल्वेला द्या. कार्बनचा मोठा आकडा इथे असतो. आठवड्याचे पाचही दिवस जमत नसेल तर दोन ठरावीक वार निवडा. "जमेल तेव्हा" असं ठरवलेलं आठवड्याभरात मोडतं.

४. उरलेल्या फेऱ्यांसाठी गाडी नीट ठेवा. चाकांतली हवा गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर, टायर थंड असताना तपासा. किती भरायची ते दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतं. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो आणि तो पाहून हवा भरणं ही फार जुनी चूक आहे. हवा १ पीएसआयने कमी असली की इंधन साधारण ०.२ टक्के जास्त जातं. चारही चाकं आठ-दहा पीएसआयने बसलेली असतील तर दोन टक्के तिथेच गेले. टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८० ऐवजी १०० च्या वेगाने गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो.

उभ्या गाडीचं इंजिन पेट्रोल कारमध्ये तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पितं. पुन्हा सुरू करायला जे पेट्रोल लागतं ते दहा सेकंद चालू ठेवण्याएवढंही नसतं. अर्धा मिनिट थांबायचं असेल तर बंद करणं फायद्याचं.

> इशारा: चालती गाडी उतारावर बंद करून नेऊ नका. कारमध्ये ब्रेकला मिळणारी यंत्राची मदत काही दाबांतच संपते आणि स्टिअरिंग जड होतं. यात पेट्रोलही वाचत नाही. इंधन इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा आपोआप तुटतो.

## टप्पा ५: वीज कोण खातंय ते मीटरकडून काढून घ्या

यासाठी वेगळं उपकरण विकत घ्यावं लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ते लिहिलेलं असतं, समजा ३२००. मग ३६,००,००० ला ३२०० ने भागा, ११२५ येतात. दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी ११२५ ला भागलं की त्या क्षणी घरात किती वॉट चालू आहेत ते मिळतं. दहा लुकलुकींना ४५ सेकंद लागले तर एकीला साडेचार, म्हणजे २५० वॉट. नेहमी दहा मोजा. एकीवरून काढलेला आकडा फसवा असतो.

आता क्रमाने करा:

१. रात्री सगळे झोपल्यावर, नेहमीसारखं सगळं असताना मोजा. हा घराचा पायाभार. फ्रिजचा कंप्रेसर चालू असताना एकदा आणि बंद असताना एकदा.

२. सगळ्या उपकरणांची बटणं बंद करून मोजा. दिवा स्थिर व्हायला हवा.

३. एकेक उपकरण चालू करा आणि दरवेळी मोजून लिहा.

फ्रिज सोडून पायाभार ६० वॉट निघाला तर २८ दिवसांत ४० युनिटं गेली, आणि ती कुणाच्याही उपयोगाची नव्हती. सेट-टॉप बॉक्स, राउटर, पाण्याचा शुद्धक, इन्व्हर्टर हे नेहमीचे खाणारे आहेत. जुना ७५ वॉटचा छताचा पंखा रोज १२ तास चालत असेल तर ३० वॉटच्या बीएलडीसी (ब्रश नसलेली, कमी वीज खाणारी मोटर असलेल्या) पंख्याने २८ दिवसांत १५ युनिटं वाचतात. हाच पंखा दिवसाला तासभर फिरणाऱ्या खोलीत बदलण्यात अर्थ नाही.

> तपासणी: सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला तर वायरिंगमध्ये गळती असू शकते किंवा दुसरं कुणी तुमच्या मीटरवर जोडलेलं असू शकतं. इलेक्ट्रिशियनला बोलवा. मीटरचं सील स्वतः उघडू नका.

## टप्पा ६: पाणी तापवणं आणि खोली थंड करणं

बहुतेक घरांत विजेचा मोठा वाटा या दोनच कामांत असतो.

पाणी. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४० वर न्यायला सुमारे ०.२६ युनिट लागतं. मिनिटाला आठ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटं म्हणजे ८० लिटर, तेवढ्याच तापमानवाढीला १.४ युनिट. गीझरच्या तारांकनावर घासाघीस करण्याआधी हा पाचपटीचा फरक पाहा. "गीझर चालू ठेवला की वीज वाचते" ही समजूत चुकीची आहे. पाणी जितका वेळ गरम राहील तितका वेळ टाकीतून उष्णता झिरपत राहते. वापराआधी लावा, झालं की बंद करा.

> इशारा: साठवणीचा गीझर दिवसभर चालूच ठेवत असाल तर त्याचं तापमान ६० अंशांच्या खाली उतरवू नका. २० ते ४५ अंशांच्या कोमट, साठलेल्या पाण्यात न्यूमोनिया करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. बचत वेळेतून आणि पाण्यातून करा.

एसी. १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होते असं नाही, नको इतकी थंड होईपर्यंत यंत्र चालत राहतं एवढंच. तापमान एक अंशाने वर नेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. सोबत पंखा लावला तर दोन अंश जास्त तापमानही सुसह्य वाटतं. जाळी वापराच्या काळात दर दोन आठवड्यांनी धुवा आणि पूर्ण वाळवूनच बसवा.

एसीमधल्या वायूबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. एसी तो "खात" नाही. बंद नळ्यांत तोच वायू वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आर-४१०ए या वायूचा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या मोजमापात तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो. वरच्या उदाहरणातल्या घराचा सात-आठ महिन्यांचा सगळा हिशेब एवढाच होतो. आर-३२ चा आकडा ६७५ किलो आहे. म्हणून दर मोसमात नुसता गॅस भरून घेऊ नका. आधी गळती शोधून बुजवायला सांगा, नळ्यांतली हवा पंपाने काढायला सांगा, मग वजनावर मोजून भरून घ्या. काढताना किंवा हलवताना उरलेला वायू हवेत सोडायला नकार द्या.

फ्रिज. दारात कागद धरून बंद करा आणि ओढा. सहज सुटला तर रबर गेलं आहे. मागे हवा खेळू द्या, आत चार अंश पुरतात. नवा फ्रिज आल्यावर जुना गॅलरीत चालू ठेवणं मात्र सगळी बचत बुडवतं.

## टप्पा ७: शेगडी

उकळी आल्यावर आच मोठी ठेवली तरी पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, फक्त वाफ जास्त होते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ०.०९ युनिटएवढी उष्णता लागते. तेच लिटर वाफेत घालवायला ०.६३, म्हणजे सातपट. झाकण ठेवा, उकळी आली की आच उतरवा, जमेल ते प्रेशर कुकरमध्ये करा.

गॅसवरून इंडक्शनवर जाण्यापूर्वी जाळ्याचा गुणांक पाहा. भांड्यात एक युनिट उष्णता पोहोचवायला गॅसच्या चांगल्या शेगडीवर सुमारे ०.३९ किलो उत्सर्जन होतं. इंडक्शनला त्यासाठी १.१८ युनिट वीज लागते. गुणांक ०.७ असेल तर ते ०.८३ किलो. दोन्ही बरोबरीला येतात गुणांक ०.३३ च्या आसपास असताना. त्याहून घाण वीज असेल तर कार्बनच्या बाबतीत इंडक्शन मागे पडतं. स्वयंपाकघरातली हवा मात्र त्याने नक्की सुधारते, आणि कुणाला दमा असेल तर तेवढं कारण पुरेसं आहे.

## टप्पा ८: आता यंत्र बदलण्याचा विचार

वाहन. विजेवरच्या कारला किलोमीटरला सुमारे १५० वॉट-अवर लागतात. चार्जिंगमधली तूट धरून भिंतीपाशी १७०. गुणांक ०.७ असेल तर ११९ ग्रॅम. पेट्रोल कारचे १५३ ग्रॅम नुसत्या जळण्याचे; तेल काढणं, शुद्ध करणं, वाहून नेणं यांचा साधारण पाचवा भाग जोडला की १८४. विजेच्या बाजूलाही कोळशाच्या खाणकामाचं थोडं धरलं तर फरक ६० ग्रॅमच्या आसपास उरतो. बॅटरी बनवताना तिच्या क्षमतेच्या दर किलोवॉट-अवरमागे ६० ते १०० किलो उत्सर्जन होतं. ४० किलोवॉट-अवरच्या बॅटरीचे साधारण ३,२०० किलो फिटायला ५३,००० किलोमीटर चालावं लागेल. गुणांक ०.३ असेल तर सुमारे २४,००० पुरतात. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणारी, धडधाकट जुनी कार घाईने काढणं म्हणूनच बरोबर नाही.

दुचाकीचं गणित वेगळं निघतं. पेट्रोलचे ६१ ग्रॅम, विजेचे सुमारे २४, आणि तीन किलोवॉट-अवरच्या बॅटरीचे २४० किलो. साडेसहा हजार किलोमीटरांत ती फिटते. घरात दोन्ही असतील तर आधी दुचाकी बदला.

सौर पॅनेल. भरपूर उन्हाच्या प्रदेशात एक किलोवॉट पॅनेलं दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास देतात. किती किलोवॉट हवीत ते टप्पा ५ आणि ६ झाल्यावरच्या वापरावरून ठरवा, जुन्या बिलावरून नको. सावली सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, शक्यतो हिवाळ्यात पाहा. टाकीची किंवा झाडाची आडवी सावली एका पॅनेलवर पडली तरी त्याच्याशी जोडलेल्या रांगेचं उत्पादन घसरतं.

> तपासणी: जाळ्याला जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेली की उन्हातही बंद पडते. दुरुस्ती करणाऱ्याला तारेतून झटका बसू नये म्हणून ती तशी बनवलेली असते. "वीज गेल्यावर चालेल" या अपेक्षेने घेत असाल तर आधी विचारून घ्या.

## टप्पा ९: पुन्हा मोजा

बदल केल्यावर पुन्हा २८ दिवस, तीच पद्धत, तोच पंप, रीडिंगची तीच वेळ. उन्हाळ्याची तुलना हिवाळ्याशी करू नका. मागच्या वर्षीचा तोच काळ घ्या. एका वेळी एकच मोठा बदल केला असेल तर आकडा कशामुळे हलला ते कळतं. तीन बदल एकदम केले आणि वापर वाढला तर पहिला संशय सवयीवर घ्या. कमी खाणारा एसी आला की तो दोन तास जास्त चालू लागतो, चांगल्या ॲव्हरेजची गाडी आली की फेऱ्या वाढतात. अशा वेळी वहीत टप्पा ३ चा फेऱ्यांचा तक्ता आणि टप्पा ५ मधले चालू तास पुन्हा भरा, आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून कोणती ओळ फुगली ते पाहा.